एकटी. पूर्ण. सहा पन्नास.

माझं नाव विचारायच्या आधी सरांनी मला चालायला लावलं होतं.

शाळेत रुजू होण्याचा तो माझा पहिला दिवस. आखाडा बाळापूरहून काळी-पिवळी जीपनं आलो आणि फाटकातून आत शिरलो, तर लिंबाखालच्या ओट्यावर बसलेल्या एका किडकिडीत माणसानं हात वर करून मला थांबवलं. मांडीवर वही, एक पेन्सिल कानावर, दुसरी दातांत. दातांतली काढून ते म्हणाले, "जरा फाटकापर्यंत माघारी जाता का? अन् परत या. बॅग त्याच हातात राहू द्या."

मला वाटलं, शाळेची काही पद्धत असेल. मी गेलो आणि परत आलो.

"गणिताचे दिसता," ते म्हणाले.

"कशावरून?"

"पावलं मोजून टाकून राहिले की तुमी."

मी खरंच गणिताचा होतो. पण मी पावलं मोजतो हे त्या दिवसापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. त्यानंतर कित्येक दिवस मला सरळ चालता येईना. मागून कुणीतरी बघतंय असं वाटायचं आणि पाय अडखळायचे. आता पन्नाशी उलटली तरी ते वाटणं गेलेलं नाही. फक्त त्याचं कारण बदललं आहे. ते कारण एकदा सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलो आहे.

सर आमच्याकडे चित्रकला शिकवत. पोरं त्यांना कार्टूनवाले सर म्हणायची, आणि ते नाव शब्दशः खरं होतं. मुंबईत बारा-तेरा वर्षं त्यांनी कार्टूनचे सिनेमे काढले होते. काढले म्हणजे हातानं, एकेक चित्र कागदावर. पडद्यावरचा ससा झुडपातून निघून बिळात शिरतो. बघणाऱ्याचा एक घास चावून होत नाही तोवर संपतं. पण तेवढ्यासाठी सर तीस-चाळीस ससे काढत, प्रत्येक ससा आधीच्या सशापेक्षा केसभर पुढे. "सेकंदाला बारा," ते सांगायचे, आणि बोटांनी टेबलावर बारा टिचक्या मारायचे. उडीचं पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र तिथले मोठे कलाकार काढत. मधली सगळी सरांकडे. म्हणून त्यांना माणसांच्या बोलण्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य कधी पुरत नसे. शिपाई म्हणाला, "रात्री भांडण झालं अन् बायको माहेरी गेली," की सर विचारायचे, "मधे काय झालं?"

त्यांचं मूळ गाव सिद्धेश्वर धरणाच्या काठचं. आई अर्धांगानं अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनी मुंबई सोडली, आमच्या शाळेत लागले आणि आईला शाळेच्या गावातच दोन खोल्यांत आणून ठेवलं. लग्न केलेलं नव्हतं. "आमचं काम तिकडं कंप्युटर खाऊन राहिला होता," ते म्हणायचे. "आईनं बोलावलं ते बरं झालं. न्हाईतर साहेबानंच धाडलं असतं."

पण काम त्यांनी सोडलं नव्हतं. खोलीतल्या टेबलाला मधोमध चौकोनी भोक पाडून त्यात खिडकीची जुनी काच बसवली होती. काचेखाली बल्ब. वरच्या कडेला लाकडी पट्टी, पट्टीला दोन खुंट्या. कागदांना भोकं पाडून ते त्या खुंट्यांत अडकवायचे, म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं आणि जागचं हलत नाही. आमच्याकडे वीज सकाळी जी जायची ती दुपारी उगवायची. तेव्हा बल्बाच्या जागी ते आईचा आरसा तिरका ठेवत आणि दारातून आलेलं ऊन काचेखाली घेत. ऊन सरकलं की आरसा सरकवायचा, आरसा सरकला की टेबल. सुट्टीच्या दिवशी मी गेलो तर टेबल, खुर्ची आणि सर तिघंही उंबऱ्याशी येऊन पोचलेले असायचे. आई पलंगावरून म्हणायची, "ह्याला सांगा हो, आरसा कामून नेऊन राहिला माझा. मला तोंड बघायचंय."

स्टाफरूममध्ये डबा खाताना ते समोर दाढीचा छोटा आरसा ठेवत. घास घेत, गाल फुगवत, भुवया चढवत, मधेच जीभ बाहेर काढत आणि शेजारच्या कागदावर दोन रेघा ओढत. भाषेच्या बाईंनी त्यामुळे आपली खुर्ची फिरवून घेतली होती. कागदही काय, तर जुनी हजेरीपुस्तकं, तपासून झालेल्या पेपरांच्या मागच्या कोऱ्या बाजू, एसटीची तिकिटं. एकदा मुख्याध्यापक वर्गावर पाहणीला आले. सर उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, दारातून एकदा परत येता का? उजवा पाय सुटला माझा." पोरं हसली. साहेब लाल झाले. पण गंमत अशी की ते खरंच दाराबाहेर गेले आणि परत आले. सर असं काही मागत की नाही म्हणायला माणसाला सुचत नसे.

चेहऱ्यांचं त्यांना फार वाटत नसे. त्यांचं सगळं लक्ष पायांत. बोलताना ते समोरच्याच्या पायांकडे बघत. "चेहरा करता येतो हो," ते म्हणत. "चाल करता येत न्हाई. अंगाचं वजन कुठं पडतंय ते माणसाच्या हातात नसतंय." बाळापूरच्या बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे परीक्षा. मेंढरांमागं चालणाऱ्या धनगराच्या मागं हे चालत, तसाच डावा खांदा पाडून, तशीच काल्पनिक काठी टेकत. धनगर वळून बघायचा, "काय रं बाबा?" मी लांब उभा राहून दुसऱ्याच कुणाबरोबर आलोय असं दाखवायचो. ही माझी सवय तेव्हापासूनची आहे, हे आता लिहिताना लक्षात येतं.

सर स्वतःचा सिनेमा काढत होते. एक मिनिटाचा. त्यात होतं एवढंच की एक बाई डोक्यावर दोन घागरी घेऊन चढ चढते, मधे थांबते, पदर सारखा करते आणि पुढे जाते. मी विचारलं, "पुढं?"

"पुढं काय? गेली."

"आणि गोष्ट?"

"तीच की गोष्ट. पाणी सांडलं न्हाई."

साठ सेकंद. सातशे वीस चित्रं. हा हिशेब मी चटकन केला आणि सर खूश झाले. मग त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. माझ्याकडे तेव्हा बटणं दाबून सेकंद मोजता येणारं घड्याळ होतं, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. "तुमी येता का सकाळचं माझ्यासंगं?" ते म्हणाले. "मी काढीन, तुमी वेळ धरा. अन् लिहून ठेवा. तुमचं अक्षर चांगलंय. माझं मलाच लागत न्हाई."

माझं अक्षर खरंच चांगलं होतं. शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोजचा सुविचार मीच लिहायचो.

शाळेपासून कोसभर अलीकडे एक तांडा आहे. तांड्यातला हापसा उन्हाळ्यात आटला की बाया रस्त्याकडच्या हापशावर येत. तिथून तांड्याकडे जाणारी वाट चढाची. चढाच्या पायथ्याशी दोन बाभळी. सर आणि मी त्या बाभळींच्या मागं बसायचो, साडेसहा ते सव्वासात. मग हात झटकून शाळेत. सरांची पेन्सिल चालायची आणि ते हलक्या आवाजात एकेक शब्द टाकायचे. मी तो घड्याळात बघून लिहायचो. 'सहा चाळीस. तिघी. अर्धी.' म्हणजे तिघी एकमेकींच्या आड आल्या, चाल अर्धीच दिसली. 'सहा पन्नास. एकटी. पूर्ण.' म्हणजे एकच बाई, मधे काही आडवं नाही, डावा पाय उचलल्यापासून परत तोच पाय उचलेपर्यंतची चाल सगळी मिळाली. 'चढावर थांबते.' 'कंबर डावीकडं दोन बोटं.' बोटं हे त्यांचं माप होतं. हात लांब करून, एक डोळा मिटून ते बोटांनी मापत.

त्या बायांमधली एक सरांना हवी तशी चालायची. चाळिशीची असेल. नाव चांदीबाई, ते आम्हाला दुसरीनं तिला मारलेल्या हाकेवरून कळलं. ती दोन घागरी घेऊन चढ चढायची तेव्हा मानेवरचं काहीच हलायचं नाही आणि मानेखालचं सगळं हलायचं. सर तिला बघून श्वास धरायचे. "बघा, बघा," ते कुजबुजायचे, "वजन कसं खाली सोडून राहिली. मुंबईत बारा वर्षं हेच शोधून राहिलो होतो मी."

मी एकदाच म्हणालो होतो, "सर, त्यांना विचारावं का एकदा? असं लपून बरं दिसत नाही."

त्यांनी वहीवरून नजर काढली नाही. "विचारलं की चाल बदलती," ते म्हणाले.

ते मला पटलं होतं. आणि पटलं नव्हतं तेही मी बोललो नाही. आम्ही विचारायला हवं होतं. ही चूक दोघांची, आणि ती मी सरांवर ढकलत नाही. पुढची चूक मात्र माझ्या एकट्याची आहे.

जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. माझी कायम होण्याची फाइल परभणीला अडकलीय की हिंगोलीला आलीय, हे दोन्हीकडच्या बाबूंना ठाऊक नव्हतं. नोकरी कच्ची, घरात बायको दिवस गेलेली. मी महिन्यातून दोनदा हिंगोलीला जाऊन बाकड्यावर बसून यायचो. ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी मी तिथंच होतो. फाइल सापडली होती. संस्थेचं एक पत्र जोडायचं राहिलं होतं, तेवढं आणलं की सही होईल, असं साहेब म्हणाले. मी आनंदात गावी परतलो तर जीपमध्येच कळलं: कार्टूनवाल्या मास्तरला बाभळीमागं धरलं, बायांवर नजर ठेवून होता, वहीच सापडली.

धरलं होतं दादांनी. दादा म्हणजे संस्थेचे एक सदस्य. गावातच राहत आणि पत्रावर सही त्यांचीच लागत असे. त्या सकाळी ते मोटारसायकलवरून चालले होते. झाडामागे माणूस दिसला म्हणून थांबले, वही हिसकली आणि वाचली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला ऑफिसात बोलावलं. मुख्याध्यापक खुर्चीत, दादा त्यांच्या शेजारी, दाराशी दोन-तीन गावकरी, आणि सर भिंतीला लागून उभे. वही दादांच्या हातात.

"'सहा पन्नास. एकटी. पूर्ण.'" दादा वाचत होते. "पूर्ण म्हंजे काय हो मास्तर?"

"पूर्ण म्हंजे चाल पूर्ण दिसली. मधे झाड न्हाई आलं."

"अन् एकटी?"

"एकटी म्हंजे तिच्या रेघेवर दुसरी रेघ न्हाई."

"'कंबर डावीकडं दोन बोटं.'" दादा थांबले. "कुणाची बोटं?"

दारातला एकजण फिस्सकन हसला. सर म्हणाले, "बोटं हे माप हाय." पण ते इतक्या हळू म्हणाले की ते कबुलीसारखं वाटलं.

"आमच्या आयाबायांची कंबर मापून राहिला तू, अन् वर माप म्हणतो?" दादांनी वही टेबलावर आपटली. मग ते माझ्याकडे वळले. आवाज बदलला. "गणितवाले, बसा. तुमी ह्यांच्यासंगं उठता-बसता. तुमी सांगा. हे चित्राचंच हाय का दुसरं काई?"

एवढंच विचारलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की हो, चित्राचंच आहे, मी रोज सोबत असतो, लिहिलं ते मीच. मी मनात ते वाक्य जुळवलंही. पण माझ्या खिशात त्या पत्राचा मसुदा होता, आणि त्यावर दादांची सही व्हायची होती.

"मला चित्रातलं काही कळत नाही, दादा," मी म्हणालो. "मी गणिताचा माणूस."

ऑफिसात पंखा बंद होता. माझा हात खिशातल्या कागदावर गेला.

दादांनी वही पुन्हा चाळली. "अक्षर मात्र झकास हाय," ते सरांकडे वळून म्हणाले. "तुमचंच ना हे?"

सर माझ्या पायांकडे बघत होते, नेहमीसारखे. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ते आणखी थोडं थांबले. किती, ते मी सांगू शकत नाही. घड्याळ हातात असून मी मोजलं नाही.

"माझंच," ते म्हणाले.

मुख्याध्यापकांच्या खुर्चीतून खिडकीबाहेरचा दर्शनी फळा दिसायचा. त्यावर त्याच सकाळी मी लिहिलेला सुविचार होता. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि दादांच्या हातातून वही घेऊन मिटली. सरांचं अक्षर कसं होतं हे त्यांना माहीत होतं. सरांची हजेरी वाचता येत नाही म्हणून तेच दर महिन्याला ओरडायचे. ते मला म्हणाले, "दहावीचा तास हाय ना तुमचा? गणित बाकी हाय पोरांचं. जा वर्गावर."

मी गेलो. त्या तासाला मी फळ्यावर काही लिहिलं नाही, तोंडी गणितं घातली. दुसऱ्या दिवसापासून सुविचार लिहायचं काम दुसऱ्या शिक्षकांकडे दिलं, हात दुखतो म्हणून सांगितलं. मुख्याध्यापक "बरं" म्हणाले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मी त्यांच्यासमोर कधी मोकळा बसलो नाही.

सरांचा राजीनामा घेतला. चारच दिवसांत त्यांनी खोली सोडली. काचेचं टेबल टेम्पोत चढवताना मी दुसऱ्या गल्लीतून गेलो. त्यांच्या आईला चौघांनी पलंगासकट उचललं, असं नंतर शिपायानं सांगितलं. "म्हातारी विचारून राहिली होती, गणिताचे सर दिसंनात म्हणून," तो म्हणाला. "मधे काय झालं" असं त्याला कुणी विचारलं नाही.

मी महिन्याभरात कायम झालो.

त्यानंतर सर मला एकदाच भेटले. सात-आठ वर्षांनी, नांदेडच्या बसस्टँडवर. मागून हाक आली, "ओ गणितवाले!" वळून पाहिलं तर तेच. केस पांढरे, अंगात ढगळ शर्ट, कानावर पेन्सिल नाही. एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला होते. वाढदिवसांच्या बॅनरवरचे फोटो कंप्युटरवर कापून, कडा साफ करून द्यायचं काम. आई गेली होती.

"चालीवरून ओळखलं ना?" मी उगीच हसत म्हणालो.

"न्हाई हो. आवाजावरून. चौकशीच्या खिडकीत बोलून राहिला होता ना तुमी." मग खाली बघून म्हणाले, "चाल बदलली तुमची. वजन टाचेवर ठेवून चालून राहिले. असं माणूस दार उघडायच्या आधी चालतंय."

मी सिनेमाचं विचारलं.

"सहाशेच्या पुढं गेली होती चित्रं. मग काढली न्हाईत."

"का, सर?"

"बघावं लागतंय ना," ते म्हणाले. "रस्त्यानं बाई येऊन राहिली की मी खाली बघतो आता. सवय लागली. खाली बघून कसं काढणार? नुसत्या चपला येतात."

मी म्हणालो, "सर, त्या दिवशी ऑफिसात मी..."

"कळमनुरी लागली बघा तुमची," ते म्हणाले, आणि माझी पिशवी उचलून गर्दीतून पुढे झाले, खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. बस हलली तेव्हा ते दुसरीकडेच बघत होते. मी वाक्य पुरं करू शकलो असतो. बस सुटायला पाच-सात मिनिटं होती.

पुढे दोन वर्षांनी त्याच दुकानातून फ्लेक्स लावायला आलेल्या एका माणसाकडून कळलं की सर वारले. कावीळ झाली होती. त्या बातमीनंतर मला झोप लागेना असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. झोप लागायची. पण जागं असताना सारखं वाटायचं की कुणीतरी आता उठेल आणि ती वही वाचून दाखवेल.

त्या उन्हाळ्यात मी तांड्यावर गेलो. कोसभर अंतर, आणि इतक्या वर्षांत मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. शाळेत जायचीसुद्धा वाट बदलली होती. चांदीबाई दारापुढं सावलीत बसून चिंचा फोडत होत्या. केस पांढरे झालेले, पण मान तशीच ताठ. मी शाळेचा मास्तर म्हणून सांगितलं. त्यांनी बाज दाखवली. मी बसलो नाही.

"बाई, तुमची माफी मागायची आहे," मी म्हणालो. "लई वर्षांपूर्वी हापशाच्या वाटेवर दोघं जण बाभळीमागं बसून..."

"चित्रवाले मास्तर!" त्या एकदम हसल्या. "अन् दुसरे घड्याळवाले. तुमीच का ते?"

मी बाजेवर बसलो.

"लांबून दिसायचे की. पांढरे सदरे घालून झाडामागं बसल्यावर काय दिसत न्हाई का? आमी पोरींना सांगायचो, मास्तर बसलेत, नीट चाला." त्यांनी चिंचोका बाजूला टाकला. "मी तर लई नीट चालायची. घरी कुठं अशी चालती मी?"

हे ऐकायला सर हवे होते. ते हसले असते की नाही, मला ठरवता येत नाही.

"तुम्हाला राग नाही आला?"

"पहिले दोन दिस आला. आमच्या तांड्याच्या नाईकानं माणूस पाठवून बघितलं. तो म्हणला, कागदावर रेघा मारून राहिलेत नुसत्या. मग ते दादानं धरलं ना त्यांना, त्या दिवशी ऊन कलताना ते मास्तर इथं आले. हे येवढाले कागद घेऊन. नाईकाच्या ओट्यावर बसले अन् फर्रकन पळवून दाखवले. मी चालून राहिले की हो कागदावर! पोरी हसून हसून लोळल्या. नाईक म्हणला, मास्तर, उद्या आमी सगळे शाळेत येऊन सांगतो, आमची काई तक्रार न्हाई म्हणून."

"मग?" मी विचारलं. "मग आला का नाहीत?"

"तेच म्हणले, घाई करू नका. पहिले आमचे दुसरे सर बोलतील, ते संगंच होते माझ्या. ते बोलले की निरोप धाडतो. आमी बसलो वाट बघत. दुसऱ्या दिवशी परत आले. तोंड उतरलेलं. म्हणले, कुणी येऊ नका. नाईक म्हणला, काहून? तर म्हणले, तुमी खरं सांगसाल. दोघं बसत होते म्हणून सांगसाल. माझं मी बघतो, पण दुसऱ्याची नोकरी कच्ची हाय. बायको पोटुशी हाय त्याची."

त्या चिंच फोडत होत्या. ठोका एका लयीत पडत होता. मी म्हणालो, "ते दुसरे सर बोलले नाहीत, बाई. मी बोललो नाही."

"व्हय. ते कळलंच आमाला," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. त्यांनी मान वर करून विचारलं, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं, "मग झाली का पक्की?"

"झाली," मी म्हणालो.